ढोलाला नमस्कार

बुधवारी शाळेत मिसी इराइदांच्या संगीताच्या तासाला खेळ ठरलेला. मुलांचं रिंगण, मध्ये एकजण आणि ढोलावर मिसी. मधला जसा हलेल तसा ढोल वाजणार. आत येताना ढोलाला वाकून नमस्कार, निघतानाही नमस्कार. मधल्याने तो केल्याशिवाय रिंगण सुटत नाही. लोईसा गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

आनाइसचा नंबर आला. ती आत शिरली, सवयीने वाकली आणि ढोलाच्या कडेवरचा जळका डाग तिच्या नाकासमोर आला. म्हणे शाळेचा नवीन ढोल! रमच्या पिंपाचा हा ढोल तर तिच्या बाबांचा होता. "जानेवारीत तीन राजांच्या सणाला परत येतो, तोवर याला कुणी हात लावायचा नाही," असं बजावून ते समुद्रापलीकडे ऑर्लँडोला कामाला गेले होते. परत येणारा माणूस ढोल देऊन टाकेल का?

इथून निघायचं, एवढंच तिला कळत होतं. तिने पाय मागे घेतला. धुम्! नाक पुसलं. टक्!

"मिसी, ही शेंबूड पुसायचा नाच करतेय!" हादिएल ओरडला. रिंगण खिदळलं.

आनाइस रागाने त्याच्याकडे वळली, तर ढोल धडधडला. काहीही केलं तरी तो मेला बोलणारच! मग ती हललीच नाही. ढोल गप्प झाला. जेवणाची घंटा झाली, तरी कुणाला उठता येईना.

"अगं ए, कर की नमस्कार! भात गार होतोय!"

"इथेच मुक्काम करणारेस काय?"

नमस्कार करून निघायचं म्हणजे बाबांना निरोप द्यायचा. न करता निघावं, तर बाबांच्याच ढोलाचा अपमान. आनाइस पुरती अडकली होती.

"काय झालं गं राणी?" मिसींनी विचारलं.

"ढोल बाबांचाय. मला जायचा नमस्कार नाही करायचा."

मिसींचा चेहरा उतरला. "तुझ्या आईने आणून दिला गं. मला वाटलं, तुला सांगितलं असेल." हादिएलही खाली बघू लागला.

मिसींनी ढोलाच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "जायचा वेगळा न् यायचा वेगळा, असं कुठे असतं? नमस्कार एकच. तू येतेयस की निघालीयस, ढोलाला काय कळतंय?"

आनाइसने पुन्हा नाक पुसलं. मिसींचा हात सवयीने वर गेला, पण खाली आला नाही.

मग आनाइस वाकली, आत्ताच आत आल्यासारखी. ढोल एकदाच वाजला. पोरं जेवायला पळाली.

ढोलाला काही कळलं नसेल. तिला कळलं, तो जायचाच नमस्कार होता. भाताच्या रांगेत ताट धरून ती हमसून हमसून रडली, आणि तिच्या पुढचा नंबर सोडून हादिएल मुकाट्याने तिच्या मागे जाऊन उभा राहिला.