जुन्या वळणाची

मित्रांनो, मी एक जुनी, विटांनी बांधलेली बिस्किटांची भट्टी आहे आणि मी जळते. आता तुम्ही म्हणाल, भट्टी जळणार नाही तर काय करणार? तसं नाही हो. पोटात लाकडं घेऊन जळायचे माझे दिवस गेले. हल्ली मी दुसरीचं चांगलं बघून जळते, आणि त्यात मला तिळमात्र लाज वाटत नाही. ज्या कंपनीची बिस्किटं तुम्ही रोज चहात बुडवता, त्या कंपनीचं पहिलं बिस्किट माझ्या पोटातून निघालंय. एवढं ऐकलंत तरी तुम्हाला माझा जळफळाट कळेल.

कंपनी काढली ती थोरल्या मालकांनी. तेव्हा ती कंपनी म्हणजे गल्लीतलं एक दुकान आणि मागची एक खोली. त्या खोलीत त्यांनी मला बांधून घेतलं. गवंडी हाताचा चांगला होता, पण त्याला पुढच्या कामावर पळायचं होतं. घाईघाईत त्याने डाव्या अंगाची एक ओळ थोडी आत बसवली. झालं! माझी डावी कूस उजवीपेक्षा जास्त तापायला लागली. प्रत्येक ट्रेमधली डावीकडची रांग कडेने करपून निघायची. मालकांनी कपाळाला हात लावला आणि ती बिस्किटं स्वस्तात विकायला वेगळी काढली.

आणि गंमत बघा! लोक चांगली बिस्किटं सोडून तीच मागायला लागले. "ती कडेला काळी असतात ना, ती द्या." ट्रेमध्ये रांगा बऱ्याच, पण काळ्या कडेची एकच. मागणारे ढीगभर आणि माल मूठभर, म्हणून मालकांनी त्यांचा भाव वाढवला. तरी गिऱ्हाईक हटेना. भाव बिस्किटांचा वाढला, पण भाव खाल्ला मी.

माझ्याकडे बघायचे भट्टीवाले काका. तेव्हा ते काका नव्हते, नुकती मिसरूड फुटलेली होती. माझं तापमान बघायला त्यांनी कधी काटा वापरला नाही. तळहात माझ्या तोंडाशी धरायचे आणि म्हणायचे, "हं, आली." लाकूड ओलं असलं की मी धूर ओकायचे. मग ते म्हणायचे, "काय गं, आज कुणावर रुसलीस?" मित्रांनो, जगात माझ्याशी कौतुकाने बोलणारा हा एक माणूस. तो माझा होता. निदान मी तसं समजत होते.

कंपनीचं नाव झालं. थोरले मालक गेले, त्यांचे चिरंजीव मालक झाले. माझ्याभोवती पत्र्याचा कारखाना उभा राहिला, दारात ट्रक उभे राहायला लागले. जास्त माल हवा म्हणून मालकांनी माझ्यासमोर माणसं वाढवली. आधी फरक पडला. मग एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत, तिसऱ्याचा ट्रे चौथ्याच्या पायावर, आणि माल तेवढाच. अति तिथे माती! माझं तोंड एक, त्यात कितीजण घास भरवणार?

मग ती आली. नवी भट्टी. गॅसवर चालणारी, पोलादी, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लांब. तिच्या पोटातून एक पट्टा फिरतो. एका टोकाला कच्चं बिस्किट ठेवायचं, दुसऱ्या टोकाला भाजलेलं उचलायचं. धूर नाही, राख नाही, रुसवा नाही. सगळी बिस्किटं एकसारखी, जुळ्या बहिणींसारखी. मी म्हटलं, ठीक आहे, नव्याचे नऊ दिवस. पण काकांना पांढरी टोपी देऊन तिच्यापाशी उभं केलं, तेव्हा माझ्या विटा तडकल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या चकचकीत पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "गुणाची आहे हो पोरगी!" पोरगी म्हणे! इतकी वर्षं मी यांच्यासाठी धुरात काढली आणि गुणाची ती. गरज सरो, वैद्य मरो. त्या दिवसापासून मला कुणी पेटवलं नाही.

मालकांची लेक अर्थशास्त्र शिकून आली. सगळे तिला ताई म्हणत. बाकडी माझ्या खोलीत होती, म्हणून चहाच्या सुट्टीत ती तिथेच सगळ्यांना कंपनीचा हिशोब समजावून सांगायची. एकदा तिने पहारेकऱ्याला समोर बसवलं आणि बिस्किटं द्यायला सुरुवात केली.

"पहिल्यासाठी काय द्याल?"

"ताई, भूक लागलीय, मागाल ते देतो."

दुसऱ्यालाही तो हसला. चौथ्याला पाणी मागितलं. सातव्याला हात जोडले. "आता तुम्ही मला पैसे दिलेत तरी खाणार नाही!"

सगळे खो खो हसले. ताई म्हणाली, "बघा, बिस्किट तेच, माणूस तोच. पण प्रत्येक पुढच्या बिस्किटाची गोडी आधीच्यापेक्षा कमी. म्हणून पाकीट लहान ठेवायचं." मला पटलं. माझ्याही गोडीचं तेच झालं असणार.

मग कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हिचं काय करायचं?" ताई सहज म्हणाली, "तो बुडीत खर्च आहे. हिला बांधायला जे लागलं ते काही परत येत नाही. त्याचं दुःख धरून निर्णय घ्यायचा नसतो. या जागेत दुसरं काय करता येईल, ते बघायचं. पाडली तर इथे पाकिटं भरायची सोय होईल." बुडीत! मी कुणाचं काय बुडवलं होतं? मी काकांकडे बघितलं. ते बशीत चहा ओतत होते.

पण पाडायच्या आधीच वेगळंच घडलं. नव्या भट्टीची बिस्किटं एकसारखी होती खरी, पण दुसऱ्या कंपन्यांचीही तशीच होती. ताईने भाव जरासा वाढवला आणि गिऱ्हाईक शेजारचं पाकीट उचलून चालतं झालं. काळ्या कडेसाठी कधीकाळी जास्त भाव मोजणारे हेच लोक बरं का! मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. नवी मात्र घरघरत होती, तिला काय कळतंय!

एका सकाळी ताई मालकांना घेऊन माझ्या खोलीत आली. पाकिटं भरणाऱ्या मावशी दाराबाहेर झाडत होत्या. त्यांच्या कानावर एवढंच पडलं, "बाबा, फार मोठ्या ठिकाणाहून मागणी आलीय. नाही म्हणू नका. फक्त त्यांना जुन्या वळणाची हवी आहे."

मावशींच्या हातातला झाडू गळाला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कारखानाभर झालं, ताईंना मागणी आली! ट्रकचा ड्रायव्हर कुठूनतरी फुलं घेऊन आला. मावशींचे डोळे भरून आले. "मोठं घर आहे म्हणे. पण जुन्या वळणाची हवीय. आमच्या ताई तर कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत, कसं व्हायचं हो?"

पहारेकऱ्याने ताईला विचारलंच, "नवरामुलगा काय करतो?"

"कोण नवरामुलगा?"

"ज्यांची मागणी आली ते."

ताई आधी गोंधळली, मग हसून हसून बाकड्यावर बसली. "अहो, ते दुकानदार आहेत! गावोगावी दुकानं आहेत त्यांची. बिस्किटांची मागणी आहे, बिस्किटांची! जुन्या वळणाची म्हणजे काळ्या कडेची!"

मावशी हिरमुसल्या. मी मात्र हरखले. मागणी मला आली होती! या वयात! गवंडी आला, माझ्या भेगा लिंपल्या, चुना लावला. काकांनी माझं तोंड ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाले, "नटलीस की गं!" मी नवीकडे अशी काही बघत होते की विचारू नका. आता बस म्हटलं घरघरत!

मग लाकडांऐवजी फोटो काढणारा आला. त्याने माझ्या पोटात एक लाल दिवा ठेवला. दिवा! चार बाजूंनी उजेड पाडून त्याने माझे फोटो काढले आणि दिवा तिथेच सोडून निघून गेला. थोड्या दिवसांनी नवी पाकिटं आली. वर मोठ्या अक्षरांत 'जुन्या वळणाची' आणि खाली माझं तोंड, लालबुंद.

आणि बिस्किटं? ती नवीच भाजत होती. तिच्या डाव्या बाजूचा गॅस वाढवून ठेवला होता. कड किती काळी हवी, हे तिला काकांनी शिकवलं. आठवडाभर तिच्यापाशी उभे राहून, एकेक बिस्किट मोडून बघत. मित्रांनो, माझ्या सगळ्या अंगात एकच खोड होती आणि तीच माझी ओळख होती. तीही त्यांनी नेऊन तिला दिली. पाकिटं हातोहात खपली, वाढीव भावाने.

मला पाडलं नाही. आता शाळांच्या सहली मला बघायला येतात. परवा एका मुलीने माझ्या तोंडात हात घातला आणि ओरडली, "ही तर गार आहे!" मग ताईला विचारलं, "हिला पेटवत का नाही?"

"लाकूड महाग पडतं, बाळ."

"मग पाकिटावर हिचं चित्र का?"

"कारण चित्राला लाकूड लागत नाही," ताई म्हणाली. ती खोटं बोलत नाही, एवढं मी कबूल करते.

काल काका आले. हात पाठीमागे, चेहरा उजळलेला. नव्या भट्टीला आता सगळं येतं, तिच्यापाशी कुणी उभं राहायची गरज नाही. म्हणून पुढच्या महिन्यापासून काकांनी घरीच आराम करायचा, असं ठरलं आहे. आणि नव्या पाकिटावर माझ्या चित्राशेजारी त्यांचा फोटो येणार आहे.

"आता आपण दोघं शेजारी शेजारी!" ते मला म्हणाले. सवयीने त्यांनी तळहात माझ्या तोंडाशी धरला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि खिशात घातला.

नवीवर जळले, तिच्या गॅसवर जळले, काकांच्या टोपीवरसुद्धा जळले. पण काकांच्या फोटोचा मला जरासुद्धा हेवा वाटला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी जुनं असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याला नुसतं पुसून भिंतीशी मांडू नका. आजीला भाजी निवडायला द्या. आजोबांना दुकानात पाठवा, उशीर झाला तर होऊ दे. जुनी शिलाईची मशीन असेल तर तिच्यावर एखादी फाटकी पिशवी तरी शिवा. एवढं माझ्यासाठी करा.

काकांचा फोटो येत्या सोमवारी काढणार आहेत. त्यासाठी त्यांनी नवा सदरा शिवायला टाकलाय.