भिंगरीच्या हाकेला ओ

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख सांगितली, तेव्हा मावशीने ना दुखण्याविषयी विचारले, ना खर्चाविषयी. "आणि तेवढे दिवस भिंगरीचं काय?" एवढेच तिच्या तोंडून निघाले. मावशीचे कपडे दुरुस्तीचे दुकान आहे, हे डॉक्टरांना ठाऊक होते. भिंगरी हे तिच्या शिवणयंत्राचे लाडके नाव असावे, असे समजून ते म्हणाले, "आठवडाभर बंद ठेवा की. झाकून ठेवा वरून."

भिंगरी म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बापाने आधीच पाठ फिरवली होती. मूल रांगत असताना आईही वारली आणि मावशीने ते पदरात घेतले. आता मुलगी सात वर्षांची होती. आजवर तिने एक शब्द उच्चारला नव्हता की कोणाच्या नजरेला नजर दिली नव्हती. डब्याचे झाकण, ताटली, दोऱ्याचे रिकामे रीळ, हाती येईल ते ती फरशीवर फिरवत बसे; नावही त्यावरूनच पडले. जेवायची मावशीच्या हातून, झोपायची मावशीचे मनगट धरून. शेजारणीने एकदा मोठ्या हौसेने तिला तासभर सांभाळायला घेतले होते. त्या तासाभरात शेजारणीच्या दंडावर दातांचे वळ उठले आणि भिंगरीने स्वतःचे कपाळ भिंतीवर आपटून सुजवून घेतले. तेव्हापासून कोणाची हौस उरली नव्हती.

शस्त्रक्रिया टाळता येण्यासारखी नव्हती. मावशीने ती दोनदा पुढे ढकलली होती. या खेपेला डॉक्टरांनी आवाज चढवला. शेवटी रुग्णालयातल्याच एका परिचारिकेने तिला अशा मुलांसाठी चालणाऱ्या एका केंद्राचा रस्ता दाखवला.

केंद्र एका जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होते. मोठी खोली, फरशीवर जाड सतरंजी, भिंतीलगत ठेंगणी कपाटे. अशी मुले काही दिवसांपुरती स्वतःच्या घरी ठेवून घेणारी कुटुंबे या केंद्राने जोडलेली होती. तिथल्या बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "घर आहे आमच्याकडे. पण त्या घराला आधी तुमची मुलगी शिकावी लागेल."

"ती कुठलं शिकते हो काही," मावशी म्हणाली.

"ती नाही. ते शिकतील."

ते घर म्हणजे एक निवृत्त बसचालक आणि त्याची बायको. चालक आडव्या अंगाचा, दार अपुरे पडावे असा. बायको त्याच्या खांद्याला जेमतेम लागणारी आणि जिभेची तिखट. केंद्रातली पोरे त्यांना ड्रायव्हरकाका आणि काकू म्हणत. "यांना रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठ आहे," काकूंनी ओळख करून दिली, "घरात मीठ कुठे असतं ते मात्र अजून कळलेलं नाही."

पहिल्या भेटीत भिंगरीने नेहमीप्रमाणे कोपरा गाठला आणि झाकण फिरवायला सुरुवात केली. ड्रायव्हरकाकाने तिला हाक मारली नाही, खेळणे दाखवले नाही, गोडगोड बोलून पाहिले नाही. त्याने चपला काढल्या, कण्हत कण्हत तो देह सतरंजीवर आडवा केला आणि तिच्यापासून चार हातांवर पालथा पडून राहिला. थोड्या वेळाने कपाटातले दुसरे झाकण घेऊन तोही फिरवू लागला. भिंगरीने तोंडाने 'हूंऽऽ' असा आवाज काढला, त्यानेही काढला. ती डोलली, तोही डोलला.

दुकानातले शिवण सोबत घेऊन बसलेली मावशी ते टाकून ताडकन उठली. गल्लीतली मुले भिंगरीमागे असेच करत. तसेच डोलत, तसाच आवाज काढत. तिने त्यांच्या पाठीत कितीदा धपाटे घातले होते.

"लाज वाटते का तुम्हाला? एवढे मोठे झालात, केस पिकले! माझ्या लेकराला वेडावता?" भिंगरीला उचलून घ्यायला ती पुढे झाली.

काकूंनी तोंडाला पदर लावला. केंद्रातल्या बाई काही बोलणार, तोच ड्रायव्हरकाका पडल्या पडल्याच शांतपणे म्हणाला, "मावशी, मला कुणी हाक मारली तर मी ओ देतो. ही पोरगी मघापासून हाका मारतेय. कुणीतरी ओ द्यायला नको?"

"ही हाक आहे होय? गेली सात वर्षं हेच चाललंय."

"मग सात वर्षं हाका मारतेय की ती."

मावशीचा हात हवेतच थांबला. ती माघारी फिरली, समोरच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली आणि टाचण्या ओठांत धरून पुन्हा शिवणाला लागली. बसली ती पटले म्हणून नव्हे. तारीख जवळ येत होती आणि दुसरे घर नव्हते. मात्र पुढची प्रत्येक भेट तिने अशीच, कपाळावर आठी आणि तोंडात टाचण्या घेऊन पाहिली. टाचण्यांचा एक फायदा होता, काही बोलावे लागत नसे.

काही भेटींनंतरची ती दुपार. दोन्ही झाकणे फिरत होती, खालच्या मजल्यावर कोणीतरी लाकूड कापत होते. भिंगरीने एकाएकी आपल्या झाकणावर बोट ठेवले. आवाज थांबला. ड्रायव्हरकाकानेही आपले झाकण थांबवले. तिने बोट उचलून पुन्हा फिरवले, त्यानेही फिरवले. तिने थांबवले, तो थांबला. असे कितीतरी वेळ चालले. मग तिने बोट ठेवले ते उचललेच नाही.

तो वाट पाहत राहिला. ती मान खाली घालून बसली होती, पण मावशीला कोपऱ्यातून दिसत होते की बोटाचे टोक किंचित वर येत होते, जणू आता उचलणार, आणि पुन्हा खाली टेकत होते. काकाने दोनदा फसून आपले झाकण फिरवले आणि दोनदा घाईने थांबवले. तिसऱ्यांदा फसल्यावर तो कळवळून म्हणाला, "अहो बाईसाहेब, हा सिग्नल सुटणार आहे की आम्ही गाडी बंद करून घरी जाऊ?"

भिंगरी हसली. गुदगुल्या केल्यावर हसायची तसे ते हसू नव्हते. ते खालच्या ओठाच्या एका कडेने निघाले, तिने ते दाबून धरले, आणि तरीही ते निसटले. तिने डोळे उचलून त्या अगडबंब माणसाच्या चेहऱ्याकडे क्षणभर सरळ पाहिले. आपली खोडी नीट पोहोचली की नाही, एवढेच तिला बघायचे होते. मग नजर पुन्हा झाकणावर.

मावशीच्या ओठांतल्या टाचण्या सतरंजीवर पडल्या.

"चेष्टा करतेय," ती कुजबुजली. "अहो, ती त्यांची चेष्टा करतेय!"

"हो तर," काकू म्हणाल्या, "आणि अगदी योग्य माणसाची."

मावशीला हसताही येईना. तिने या मुलीचा ताप उतरवला होता, नखे कापली होती, तिच्या रडण्याचे सगळे प्रकार ओळखायला ती शिकली होती. या कपाळामागे इतकी पक्की, इतकी संयमी खट्याळ व्यक्ती राहत असेल, हे तिच्या स्वप्नातही आले नव्हते. बहीण अशीच होती. चेहरा गंभीर ठेवून ती समोरच्याला तासन्‌तास झुलवत असे. मावशी सतरंजीच्या कडेला हळूच टेकली. देवळात उशिरा पोहोचलेल्या माणसाने मागेच बसावे, तशी.

तारीख तोंडावर आली. भिंगरीला शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच काकांच्या घरी सोडायचे ठरले होते. तिथे केंद्रातल्या बाईंची एकच अट होती. आजवर मावशी दोन मिनिटांसाठी वाण्याकडे जाताना भिंगरीचे लक्ष नसेल अशी वेळ साधून निसटत असे. इथे तसे चालणार नव्हते. "तिच्या समोरून जायचं. सांगून जायचं. तुम्ही गुपचूप गेलात, तर ती दिवसभर तुम्हाला शोधत राहील आणि यांच्याकडे बघणारच नाही."

"ती रडेल हो."

"रडेल. रडू दे."

मावशीने भिंगरीसमोर बसून, तिचे दोन्ही हात धरून सांगितले, "मी दवाखान्यात जातेय. बरी झाले की तुला न्यायला येईन." भिंगरीने हात सोडवून घेतले. मावशी उठली, पिशवी घेतली आणि मागे न पाहता दाराबाहेर पडली. काकूंनी दार लावले.

रडणे तत्काळ सुरू झाले. भिंतीवर डोके आपटण्याआधीचे ते उंच, चिरत जाणारे रडणे मावशी झोपेतही ओळखत होती. ती जिन्यावरच थबकली. दाराच्या कडीपर्यंत तिचा हात गेला. आपटण्याचा आवाज आला, तर तारीख गेली चुलीत, ती आत शिरणार होती.

आपटण्याचा आवाज आला नाही. त्याऐवजी त्या उंच सुराखाली एक जाड, घोगरा सूर सुरू झाला. ड्रायव्हरकाका तिच्यासोबत रडत होता. गप्प बस म्हणत नव्हता की उगी उगी म्हणत नव्हता. तिचाच सूर आपल्या जुनाट गळ्यातून, एक पायरी खालून, तिला परत देत होता. दोन्ही आवाज बराच वेळ एकमेकांसोबत चालले. मग मुलीचा सूर श्वास घेण्यापुरता थांबला. घोगरा सूरही थांबला. ती पुन्हा रडली, पण थोडे आखूड. त्याने तेवढेच आखूड उत्तर दिले.

पुढच्या खेपेला काकाला दम लागला असावा. उत्तर यायला उशीर झाला. त्या शांततेत मावशीने दाराला कान लावला, आणि आतून एक छोटा, तुटक, रागीट आवाज आला.

"हूं!"

हे रडणे नव्हते. उत्तर द्यायला उशीर करणाऱ्या माणसाला भिंगरी दटावत होती.

"आलो, आलो बाईसाहेब," काका धापा टाकत म्हणाला, आणि त्याने ओ दिली.

मावशीने कडीवरचा हात काढून घेतला. सात वर्षांत पहिल्यांदाच भिंगरीने तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून काहीतरी मागितले होते, हक्काने, आणि ते तिला मिळाले होते. खाली रिक्षावाला भोंगा वाजवत होता. तिने जिन्याच्या खिडकीतून त्याला हाताने थांबायची खूण केली, पिशवी पायरीवर ठेवली आणि श्वाससुद्धा जपून घेत ती त्या दोघांचे बोलणे थोडे आणखी ऐकत राहिली.