इंधनबाबांचं तीर्थ

खंडेनवमीच्या दुपारी मोशीच्या एका मोकळ्या प्लॉटवर पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या ओळीने लागल्या होत्या आणि मांडवात कोंडीराम महाराज काचेची बरणी उंच धरून उभे होते. लोक त्यांना इंधनबाबा म्हणत. बरणीत पंपावरून नुकतंच आणलेलं पेट्रोल होतं. बाबांनी त्यात तांब्यातलं तीर्थ ओतलं, बरणी हलवली आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. बघता बघता तळाशी एक वेगळा थर बसला, ओतलेल्या तीर्थाच्या दुप्पट जाड.

"ह्यो इथेनॉलचा दोष," बाबा म्हणाले. "कुनी का मिसळंना, तीर्थानं उचलून खाली बसवला. वर ऱ्हायलं ते शुद्ध इंधन."

लोकांनी हात जोडले. त्यांच्यात चाकणच्या कंपन्यांत सुटे भाग तपासणारे कितीतरी जण होते. शिफ्टमध्ये त्यांच्या नजरेतून एक वाकडा बोल्ट सुटत नसे. पण पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून मायलेज घटल्याची, जुने रबरी पाइप खराब झाल्याची कुजबुज सगळीकडे होती. तिच्यात थोडं तथ्य होतं आणि बरीच भीती. बाबांचं सगळं दुकान त्या भीतीवर चाललं होतं.

तेजस्विनी सासूचा, मंजुळाबाईंचा हात धरून गर्दीत उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिचा नवरा अजिंक्य चाकणच्या एका कंपनीत बाहेरून येणारा माल तपासून आत घ्यायचा. मंजुळाबाईंचा दमा उसळला की त्यांना तातडीने संत तुकाराम नगरला हॉस्पिटलात न्यावं लागे, म्हणून त्याने हायब्रिड गाडी घेतली होती. पेट्रोलवरही चालते, बॅटरीवरही, ऐनवेळी दगा देणार नाही, हा त्याचा हिशोब.

"अहो, ते पाणी आहे," ती शेजारी उभ्या अजिंक्यच्या कानाशी म्हणाली. "टाकीत जाऊ देऊ नका."

अजिंक्य थबकला, पण मंजुळाबाईंनी ऐकलं होतं. "पोरी, माज्या जिवाची गाडी हाय ती," त्या म्हणाल्या. "लागू दे तिला देवाचं पानी." सणाच्या दिवशी आईला नाही म्हणायला अजिंक्यची जीभ रेटेना.

इतरांच्या टाकीत बाबा टोपणभर तीर्थ घालत. तेवढं पेट्रोलमध्ये मुरून जाई, गाडीला काहीच होत नसे आणि लोक म्हणत, गुण आला. हायब्रिड पाहून मात्र बाबांना जास्तच स्फुरण चढलं. हिला दोन जीव, एक इंजिनाचा, एक बॅटरीचा, हिला टोपण कसं पुरेल, असं म्हणत त्यांनी भरलेली बाटली पुढे केली. टाकी तळाला गेली होती. अजिंक्यने बाटली रिकामी केली आणि बटण दाबलं. गाडी आवाज न करता हलली, तसा मांडवात जयघोष झाला. हायब्रिड निघते ती बॅटरीवर, तिचा आवाज नसतोच. अजिंक्यला हे ठाऊक होतं, तरी तोही भारावून हसला. घर हाकेच्या अंतरावर होतं, तिथवर गाडी बॅटरीवरच गेली.

दसऱ्याच्या सकाळी मंजुळाबाईंचा दमा उसळला. गाडी सोसायटीतून गुपचूप निघाली. मोठ्या रस्त्यावर वेग वाढला, इंजिन जागं झालं, दोन आचके देऊन बंद पडलं. बॅटरीने जीव ओढत गाडी कशीबशी भोसरीच्या उड्डाणपुलावर नेली आणि तिथे तीही संपली. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. फोन केल्यावर ॲम्ब्युलन्स निघाली खरी, पण त्यांच्याच गाडीमुळे लागलेल्या रांगेत अडकली. ती पोहोचली तेव्हा मंजुळाबाईंचं डोकं तेजस्विनीच्या मांडीवर होतं आणि श्वास थांबला होता. पुढे टाकी उघडली तेव्हा तळाशी तोच थर निघाला.

दिवाळीच्या अमावस्येला बाबांचा मांडव पुन्हा लागला. अजिंक्य आणि तेजस्विनी पुढे झाले. त्याच्या भादरलेल्या डोक्यावर अजून नीट केस आले नव्हते. ते पाहून लोकांनी वाट दिली.

"सुतकाच्या मानसानं हितं यायचं न्हाई," बाबा म्हणाले.

"सुतक फिटलं," तेजस्विनी म्हणाली आणि तिने आधी समोरची उदबत्ती विझवली. अजिंक्यने बाबांच्याच पेट्रोलच्या दोन बरण्या भरल्या. एकीत बाबांचं तीर्थ ओतलं, दुसरीत मांडवातल्या पिण्याच्या जारचं तेवढंच पाणी. मंत्र म्हटला नाही. दोन्ही हलवून शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींच्या तळाशी सारखाच थर बसला.

इथेनॉलला पाण्याची ओढ पेट्रोलपेक्षा जास्त, तेजस्विनीने सांगितलं. पाणी पुरेसं पडलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं, म्हणून खालचा थर फुगतो. टाकीत पंप तळातून ओढतो, म्हणून इंजिनाला आधी तेच मिळतं. सासूबाईंना हॉस्पिटलात नेताना तेच झालं.

"तुज्या सासूचा काळ भरला हुता," बाबा म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

अजिंक्यने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो गर्दीतल्या कंपनीवाल्यांकडे वळला. "भावांनो, कंपनीत एक बोल्ट तपासल्याशिवाय मी आत घेत नाही," तो म्हणाला. "तुम्हीही घेत नाही. आईच्या गाडीत मात्र ही बाटली मी या हाताने ओतली. बायको सांगत होती."

समोरच्या ओळीतल्या नवनाथने बाबांकडून घेतलेली तीर्थाची बाटली मातीत उपडी केली. आणखी काहींनी केली. काही जण मात्र बाटली खिशात घालून मागच्या मागे सटकले.

त्यांना ऐकू जावं म्हणून तेजस्विनी मोठ्याने म्हणाली, "पेट्रोलबद्दल शंका असेल तर ती खरी असू शकते. मेकॅनिकला विचारा, कंपनीला जाब विचारा. माझ्या शाळेत या, मी पुन्हा दाखवीन. पण कुणी डोळे मिटा म्हटलं, तर तेव्हाच ते उघडे ठेवा. आमचे उघडले ते पुलावर, आई गेल्यावर."