उपड्या होडीखाली

बाबांनी यंदाही होडीला तोच तांबडा रंग आणला. डबा अंगणात ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "स्वस्त आहे, टिकतो. आजवर काय बिघडलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रंगाच्या दुकानात जाऊन मी सगळं विचारून आले होते. दुकानवालीने बजावलं होतं, हा रंग लाकडी होडीचा. त्यात तांबं असतं, म्हणून तळाला शेवाळ धरत नाही. पण खाऱ्या पाण्यात तेच तांबं ॲल्युमिनियमला गुपचूप खात सुटतं. बाबांची पहिली होडी लाकडी होती. ती गेली, ॲल्युमिनियमची आली, रंग मात्र तोच राहिला. आमच्या घरात सवयी अशा ठाण मांडून बसतात.

एरवी मी वाद घातला नसता. पण गेल्या हंगामापासून आईही बाबांबरोबर मासेमारीला जायला लागली होती. तिची शिवणाची नोकरी संपली, घरात करमेना, मग होडीतल्या पुढच्या फळीवर विणकाम घेऊन बसायची. बाबा जाळं टाकायचे, ती टाके मोजायची. आईला पोहता येत नाही.

"दुकानदाराला महागच विकायचं असतं," माझं सगळं ऐकून बाबा म्हणाले.

"महाग पडत नाही. पाण्याच्या वरच्या भागाला रंग लागतच नाही, तो तसाच ठेवायचा. वाचलेल्या पैशांत तळाला अस्तर आणि बिनतांब्याचा रंग बसतो."

"अर्धी होडी उघडी? धक्क्यावर माझी शोभा करायचीय का?"

यावर बोलण्यात अर्थ नव्हता. जुना रंग खरवडावा लागणार, एवढं मात्र त्यांना पटलं. घरामागे लाकडी घोड्यांवर होडी उपडी घातली आणि आम्ही दोघं पत्र्याच्या खरवडण्या घेऊन भिडलो. रंगाचे थरावर थर होते. बाबा दरवर्षी जुन्यावर नवा चढवायचे, नि त्याचा त्यांना अभिमान होता. खाली पांढरी भुकटी भरलेले खड्डे दिसायला लागले.

"मीठ आहे ते," बाबा म्हणाले.

"हो का," मी म्हणाले आणि जोर लावला. खरवडणी हातातून निसटून होडीखाली घरंगळली. शिव्या घालतच मी गुडघ्यांवर आत शिरले. आत अंधार, उकाडा आणि माशांचा जुना वास. खरवडणी सापडली, तशी उताणी होऊन जरा विसावले आणि वर बघितलं.

वर चांदण्यांचं आभाळ भरलं होतं. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके, कुठे एकटे, कुठे झुबक्याने. त्यातून उन्हाच्या बारीक काड्या खाली उतरल्या होत्या आणि त्यांत रंगाची धूळ तरंगत होती. इतकं सुंदर काही मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. मी बघत राहिले. आणि मग ते काय आहे हे समजलं.

"बाबा," मी म्हणाले, "आत या."

"कशाला?"

"या म्हणते ना."

कुरकुरत ते शेजारी येऊन आडवे झाले. त्यांची नजर एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर फिरत गेली. शेवटी ते हळूच म्हणाले, "म्हणजे मागचा अख्खा हंगाम..."

"रंगावर बसून मासे धरलेत तुम्ही."

त्यांनी हात वर केला. सगळ्यात दाट झुबका पुढच्या फळीखाली होता. त्यावर त्यांनी तळवा टेकवला. काही ठिपके विझले, पण बोटांच्या फटींतले तसेच राहिले. दुसरा हात लावला, तरी सगळे झाकले जाईनात. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. आम्ही दोघं खाली काय करतोय हे बघायला वाकली आणि काही न विचारता तीही आत सरकली. तिघं दाटीवाटीने पडून वर बघत होतो.

"अगं बाई," ती म्हणाली, "किती छान दिसतंय."

बाबांनी हात काढले नाहीत. आईने त्या हातांकडे बघितलं, मग फळीकडे बघितलं. तिला कळायला वेळ लागला नाही.

"सगळी भोकं सांधून घेतो," बाबा म्हणाले. "मग पोरगी म्हणते तोच रंग. वरून उघडी राहिली तर राहू दे."

आईने मान डोलावली. तिची नजर अजून वरच होती.

"होडीच्या बुडाशी ठेवलेली माझी लोकर ओली व्हायची," ती म्हणाली. "मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, लाट उडाली."