दादाची मान

मी गोल्फ शिकवतो. आठ-आठ वर्षांची पोरं माझ्याकडे पंधरा दिवसांत चेंडू नीट मारायला लागतात. आणि माझा सख्खा थोरला भाऊ, पन्नाशीचा, दातांचा डॉक्टर, लोकांच्या दाढांतल्या बारीक फटी बुजवणारा माणूस, त्याला वीस पावलांवरून चेंडू भोकाजवळ टाकता येत नाही! डोकं फोडून घ्यावं की काय!

उद्या क्लबात जोड्यांची स्पर्धा. दादाला एकदा तरी माझ्या जोडीने खेळायचं होतं. "शनिवारपर्यंत जमलं नाही तर आपलं नाव काढून घेईन," असं मी बजावलं होतं. आज शनिवार.

"वजन डाव्या पायावर. मनगट घट्ट. चेंडू तू उचलायचा नाहीस, काठी उचलते."

"कळलं."

कळलं कसलं, कपाळ! पहिल्या फटक्यात काठी चेंडूच्या वीतभर मागे मातीत रुतली. दुसऱ्यात ती चेंडूच्या डोक्यावर बसली आणि तो सरपटत, भोक ओलांडून, पलीकडच्या वाळूत. तिसरा, चौथा, दहावा तसाच. पालथ्या घड्यावर पाणी.

"मान, दादा, मान! चेंडू सुटायच्या आधीच वर कशी होते? दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकं घालून बसतोस, इथे दोन सेकंद खाली राहत नाही?"

"होते रे. आता नाही होणार."

पुन्हा झाली. मी टोपी काढून गवतावर आपटली. "बस झालं! काढतो नाव."

दादा काठीची माती पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "चेंडू बघायला नाही होत ती वर. तुझं तोंड बघायला होते."

"माझं?"

"चिडलास का ते. बाबांचं बघायचो ना, तसं."

बाबा ओरडायला लागले की हाच मला मागे घालून पुढे उभा राहायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोपी उचलली, त्याच्याकडे पाठ फिरवली आणि म्हटलं, "मार."

मागे खट्ट असा स्वच्छ आवाज झाला.

"अरे, हातभर राहिला फक्त!" दादा ओरडला. "बघ तरी!"

"नाव काढत नाही," मी तसाच पाठमोरा म्हणालो.

"ते राहू दे. वळ की इकडे."

माझ्याने वळवेना.