मोठी टेस्ट

लीलाबाईंना कोविड झाला आणि त्यांचा फोन वाजायला लागला. मुंबईचा मुलगा अपूर्व एरवी महिन्यातून एकदा "कामात होतो गं" एवढं सांगायला फोन करायचा, तो सकाळ-संध्याकाळ करू लागला. ताप किती, पेज घेतलीस का. सून काढ्याची कृती सांगायची, जी बाईंनीच तिला शिकवली होती. नात सावनी मागून ओरडायची, "आज्जी, वास येतो का गं?" नवरा गेल्यापासून पावस गावातल्या त्या घरात बाईंना एकटं वाटायचं, साधं सरळ एकटं. या दिवसांत वाटलं नाही.

मग मेला ताप उतरला. फोन एक वेळचा झाला.

रत्नागिरीचा डॉक्टर सुजय बाईंचा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, आता अँटिजेन करू. तुमच्यापासून कुणाला लागण होईल का, त्याचा अंदाज लगेच येईल. आरटीपीसीआर नको. विषाणू मेला तरी त्याचे तुकडे नाकात राहतात आणि ती तेही शोधते. आठवडेच्या आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते."

"आठवडेच्या आठवडे?"

"हो. म्हणून तर नको म्हणतोय."

"ती मोठी आरटीपीसीआरच कर," बाई म्हणाल्या.

सुजयने शाळेत त्यांच्या छड्या खाल्ल्या होत्या. त्याने मुकाट्याने नाकात काडी घातली.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. देव पावला म्हणायची लाज वाटली, पण पावला.

"मोठी केलीय हो," त्यांनी अपूर्वला ठसक्यात सांगितलं. "खरी तीच. ती झटपटवाली काय, कशीही येते."

मग अपूर्व म्हणाला, "अगं, शनिवारी येणार होतो आम्ही. तुला न सांगता. सावनीने बॅगसुद्धा भरलीय. आता राहू दे."

बाईंनी फोन ठेवला. मास्क चढवून, रिक्षा करून त्या पुन्हा सुजयकडे गेल्या. "ती छोटी कर बाबा," म्हणाल्या. तो हसला नाही. पट्टीवर एकच रेघ उमटली.

"निगेटिव्ह. आता ताप नाही, खोकला नाही. नातीला खुशाल मांडीवर घ्या," सुजय म्हणाला.

बाईंनी पट्टीचा फोटो पाठवला आणि स्वतःच फोन लावला. मेलेला विषाणू, त्याचे तुकडे, सगळं फळ्यावर शिकवावं तसं दोनदा समजावलं. मोठी टेस्ट का केली, तेवढं मात्र सांगवेना.

"आई, तूच म्हणालीस ना, छोटी कशीही येते? मोठी निगेटिव्ह येऊ दे, मग येतोच."

"अरे, पण ती आठवडेच्या आठवडे..."

"असू दे गं. घाई काय आहे? आणि फोन करतोच आहे ना रोज."