पुढच्याची पाठ

हिवाळ्यात भल्या सकाळी सायकलवर निघालेल्या माणसाला देव आठवतो, पण त्याच्याही आधी आठवते ती पुढच्याची पाठ. काचेच्या कारखान्यात जाणाऱ्या आमच्या जावईबापूंना ती रोज आयती मिळे. पाठ होती सासऱ्यांची.

दोघे एकाच घरात राहत, एकाच कारखान्यात जात. जावई बाटल्यांच्या तोंडांची धार घासून काढी. सासरे तयार बाटल्या गवतात गुंडाळून पेटीत भरत. वाटेवर दाट धुकं. म्हणून ठरलेलं असं, की ज्याच्या सायकलचा दिवा लागतो त्याने पुढे राहायचं. पुढे राहायचं म्हणजे समोरचा बोचरा वारा छातीवर घ्यायचा, मागच्याला आडोसा. थंडी पडली आणि जावईबापूंच्या दिव्याने मान टाकली. खरं सांगायचं तर दिव्याला धाड भरली नव्हती. त्यांनीच डायनॅमोची वायर उपटून सीटखाली खोचली होती.

"अहो, दुरुस्त करून घ्या ना तो दिवा," बायको म्हणे.

"वेळ कुठाय?"

"असू दे गं," सासरे मफलर गुंडाळत म्हणत. "म्हाताऱ्याला तेवढाच पुढारीपणा!"

एके दिवशी वारा असा सुटला की हाडं वाजावीत. कारखान्यात पोचल्यावर सासऱ्यांची बोटं वळेनात. एक बाटली निसटली, फुटली. लगेच दुसरी.

"काय आजोबा, बाटल्या भरायच्यात की फोडायच्यात?" मुकादम ओरडला. "असंच चाललं तर हातात झाडू देईन!"

सगळे हसले. सासरेही हसले, हात काखेत दाबत. "थंडी हो! पण आमचे जावई बघा. तरणाताठा माणूस, पण कधी पुढे घुसत नाहीत. वडीलधाऱ्याचा मान राखतात."

"नशीब काढलंत!" कुणीतरी म्हणालं.

जावईबापूंच्या कानशिलांची आग झाली. चारचौघांत शिवी दिली असती तरी परवडली असती. दिवसभर त्यांना मान वर करवेना.

संध्याकाळी सायकली काढताना त्यांनी गुपचूप वायर जोडली. चाक फिरवलं, उजेड पडला.

"अरे वा, लागला की!" सासरे हरखले. "काय झालं होतं हो?"

थाप जिभेवर तयार होती. ती गिळून जावईबापू म्हणाले, "काही नव्हतं झालं, मामा. वायर मीच काढून ठेवली होती. वारा लागतो म्हणून."

सासरे मफलर नीट करत राहिले. तो आधीच नीट होता.

"हिवाळाभर?"

"हो."

"तरीच म्हटलं, मागून धापा टाकल्याचा आवाज कसा येत नाही." या थट्टेवर दोघांपैकी कुणीच हसलं नाही. "चला. व्हा पुढे."

वारा अंगावर आला तेव्हा जावईबापूंना तो कमीच वाटला. आणखी लागावा म्हणून की काय, ते जिवाच्या आकांताने पायडल मारू लागले.

"अहो, हळू!" मागून दमलेला आवाज आला. "एवढे पुढे गेलात तर मला आडोसा कसला?"

त्यांनी वेग कमी केला. मागे वळून बघायची हिंमत मात्र घर येईपर्यंत झाली नाही.